एक टीव्ही, चार बॉक्स: माहिती व प्रसारण मंत्रालय आणि ट्राय यांना सांगलीहून खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, माहिती व प्रसारण मंत्रालय, नवी दिल्ली
मा. अध्यक्ष, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), नवी दिल्ली

विषय: ग्राहकाने विकत घेतलेला सेट टॉप बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेलाही चालावा याबाबत.

महोदय,

येत्या 20 तारखेला आमच्या घरच्या डिशचा वर्षाचा रिचार्ज संपतो आहे. त्यामुळे गेला आठवडाभर जेवायला बसलं की घरात हाच विषय निघतो. तोच रिचार्ज पुन्हा मारायचा, दुसऱ्या कंपनीची छत्री बसवायची, की परत केबल जोडून घ्यायची? मुलगा म्हणतो, डिशच राहू दे. यांचा कल केबलकडे. सासूबाई 84 वर्षांच्या आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच, की पावसाळ्यात बातम्या दिसल्या पाहिजेत आणि रिमोट आता बदलू नका.

हा निर्णय तसा घरातला. त्यासाठी दिल्लीला पत्र लिहायचं काही कारण नव्हतं. पण जुना बॉक्स सापडतोय का बघायला परवा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली, आणि ती उघडल्यावर राहवलं नाही.

ट्रंकेत तीन सेट टॉप बॉक्स निघाले. चौथा टीव्हीखाली चालू आहे. मी सांगलीतल्या एका पतसंस्थेत 31 वर्षं हिशेबाचं काम केलं, त्यामुळे पावत्या फेकवत नाहीत. प्रत्येक बॉक्सला रबरबँडने त्याची पावती बांधलेली होती. पहिला 2017 सालचा, केबलचा, 1,200 रुपये. दुसरा 2019 चा, डिशचा, 1,700 रुपये. तिसरा 2021 चा, परत केबलचा, 1,500 रुपये. चौथा 2023 चा, दुसऱ्या कंपनीच्या डिशचा, 1,000 रुपये. बेरीज 5,400 रुपये. टीव्ही या सगळ्या काळात एकच.

पहिला बॉक्स मी पुसून टेबलावर ठेवला आणि पिन लावली. पुढचा तांबडा दिवा लागला, मग हिरवा झाला. सोबतच्या रिमोटवर चारच्या बटणाचं रबर झिजून आकडा पुसला गेलाय, कारण सासूबाईंच्या आवडीच्या चॅनेलचा नंबर चारने सुरू व्हायचा. यंत्रात काहीही बिघाड नाही. दुसरा लावला, तोही सुरू झाला. तिसराही. तिन्ही बॉक्स धडधाकट आहेत, पण नव्या कंपनीकडे गेलो तर त्यातला एकही चालणार नाही.

घर बदललं नाही, टीव्ही बदलला नाही, तरी चार बॉक्स कसे झाले, हे सांगायचं तर आमच्या गावाचं पाणी सांगावं लागेल.

आम्ही गावभागात राहतो. कृष्णा चालत दहा मिनिटांवर. इथल्या माणसाला पावसाळ्यात पहिल्यांदा आयर्विन पुलाखालची पातळी लागते, चहा नंतर. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका, हे आमच्या नातवंडांनाही पाठ आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये तीच पातळी 57 फुटांच्या वर गेली. तळमजल्यावरचं सामान वर नेताना यांनी एका हातात टीव्ही आणि मी पदरात गुंडाळून बॉक्स नेला होता. बॉक्स वाचला. पण गल्लीतल्या खांबावरचा केबलचा अ‍ॅम्प्लिफायर, जॉइंट, वायरी, सगळं पाण्यात गेलं. पाणी ओसरल्यावर केबलवाल्या दादांच्या स्वतःच्या घरात गुडघाभर चिखल होता. त्यांनी आधी आमची लाइन जोडायला यावं असं म्हणायला आमची जीभ रेटली नाही. गणपती गेले, नवरात्र तोंडावर आलं, तरी गल्लीत केबल नव्हती. मग आम्ही डिश घेतली.

डिश बसवायला आलेला मुलगा मिरजेचा होता. गच्चीच्या आग्नेय कोपऱ्यात त्याने चार बोल्ट मारले, छत्री उभी केली आणि हातातल्या मीटरकडे बघत ती केसभर डावीकडे, केसभर वर असं करत राहिला. आकडा 40, 55, मग 70 च्या वर गेला तसा त्याने पान्याने नट आवळले. मी त्याला विचारलं, एवढं बारीक कशासाठी? तो म्हणाला, काकू, उपग्रह 36 हजार किलोमीटरवर आहे, इथं बोटभर हललं की तिकडे चुकलंच. मला ते फार आवडलं होतं. विषुववृत्तावर, पृथ्वीच्या फिरण्याच्याच गतीने फिरणारा, म्हणून आपल्याला कायम एका जागी दिसणारा उपग्रह, आणि त्याच्याकडे तोंड करून बसलेली गावभागातली आमची छत्री.

आणि डिशचा एक मोठा फायदा तेव्हा लक्षात आला. केबलला आपल्या घरात लाईट असून भागत नाही. वाटेतल्या नोडला, म्हणजे सिग्नल वाटून देणाऱ्या पेटीला, आणि अ‍ॅम्प्लिफायरलाही वीज लागते. पलीकडच्या चौकातली लाईट गेली की आपल्याकडे इन्व्हर्टर असून टीव्ही बंद. डिशला फक्त आपल्या घरची वीज पुरते.

मग परत केबलकडे का गेलो? पावसामुळे. 2021 चा जुलै. कोयनेच्या पाणलोटात धो धो पाऊस, इकडेही तीच गत. धरणातून किती क्युसेक सोडणार, सांगलीला पाणी किती वाजता येणार, हे ऐकायला सगळे टीव्हीसमोर बसलेले, आणि पडद्यावर पाटी: सिग्नल उपलब्ध नाही. पाऊस जरा कमी झाला की चित्र यायचं, निवेदिकेचं अर्धं वाक्य ऐकू यायचं, की परत चौकोन चौकोन होऊन गायब. सासूबाई म्हणाल्या, 'अगं, ज्या वेळी बघायचं त्याच वेळी हे झोपतंय.' त्यात कोणाचा दोष नाही हे मी नंतर समजून घेतलं. घरच्या छोट्या छत्रीसाठी जी लहर वापरतात ती साधारण 12 गिगाहर्ट्झची, म्हणजे जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीची, आणि मुसळधार पावसाचे थेंब ती वाटेतच शोषतात, विखरून टाकतात. केबलच्या कंट्रोल रूमवर मोठ्या छत्र्या असतात, त्या बऱ्याचदा 4 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लांब लहरी पकडतात. त्यांच्यावर पावसाचा परिणाम फारच कमी. म्हणून भर पावसात आमच्या शेजारच्या घरात केबल चालू होती आणि आम्ही त्यांच्या दारात उभं राहून बातम्या ऐकत होतो.

शेजारी आणखी एक गोष्ट दिसत होती, जी डिशवर मिळत नाही. केबलचं लोकल चॅनेल. आयर्विनची पातळी दर तासाला, कोणता रस्ता बंद, कुठल्या शाळेत निवारा, जनावरं कुठे हलवायची. दिल्ली-मुंबईच्या चॅनेलवर सांगलीचा पूर दिवसातून चार वेळा येतो, त्यात आमची गल्ली नसते. लोकल चॅनेलवर मारुती चौकातलं पाणी कुठल्या दुकानाच्या पायरीपर्यंत आलंय ते दिसतं, आणि त्यावरून आम्ही आमचा उंबरा मोजतो. पाणी अगदी गल्लीत शिरल्यावर वीजच तोडतात, मग केबल काय आणि डिश काय. पण त्याच्या आधीचे जे दोन दिवस असतात, ज्यात माणूस सामान हलवतो, म्हाताऱ्यांना विश्रामबागेतल्या नातेवाइकांकडे नेऊन सोडतो, त्या दोन दिवसांत हे चॅनेल लाखमोलाचं असतं.

म्हणून त्या ऑगस्टमध्ये केबलवाल्या दादांना फोन केला. ते आले, गच्चीवरून जुनीच वायर शोधली, टोक सोलून नवीन कनेक्टर दाबला. मी ट्रंकेतून पहिला बॉक्स काढून पुसून ठेवलाच होता. त्यांनी तो उलटा करून खालचं लेबल वाचलं आणि म्हणाले, 'वहिनी, हा नाही चालणार.'

मी म्हटलं, वायर तुमची, खांब तोच, माणूस तुम्ही, बॉक्सही तुम्हीच दिलेला. मग?

तेव्हा त्यांनी समजावलं. वरून सिग्नल देणारी मोठी कंपनी मधल्या काळात बदलली होती. दादा फक्त गल्लीतली जोडणी बघतात. जुन्या कंपनीच्या बॉक्सला नव्या कंपनीचा सिग्नल उघडता येत नाही, कारण प्रत्येक कंपनी आपला सिग्नल आपल्या कुलपात घालून पाठवते आणि किल्ली बॉक्सच्या आत असते. आधी ती किल्ली निदान एका कार्डात असायची, आता तर चिपमध्येच. मग ते जे बोलले ते मी विसरले नाही. म्हणाले, 'तुमचा एक बॉक्स वाया गेला, वहिनी. माझ्या तीनशे घरांचे गेले. निम्म्या लोकांनी मला चोर म्हटलं.'

तोपर्यंत मला वाटत होतं की बॉक्सच्या कुलपाचा त्रास फक्त ग्राहकाला आहे. गल्लीतला केबलवालाही त्याच कुलपात अडकलाय, हे त्या दिवशी कळलं. वरच्या कंपनीने सेवा वाईट दिली, दर वाढवला, तरी त्याला दुसरीकडे जायचं म्हणजे तीनशे घरांत जाऊन तीनशे बॉक्सचे पैसे मागायचे.

2023 मध्ये गल्लीचं काँक्रीटीकरण सुरू झालं. जेसीबीने महिन्यात चार वेळा वायर तोडली. दादा बिचारे दर वेळी येऊन जोडून जायचे. शेवटी कंटाळून परत डिश घेतली, या वेळी दुसऱ्या कंपनीची, कारण पहिल्या कंपनीचा आमच्या आवडीचा पॅक महाग झाला होता. गच्चीवर जुनी छत्री उभीच होती. आलेल्या मुलाने तिचीच दिशा फिरवून नव्या उपग्रहाला लावली. छत्री चालली, वायरही चालली. बॉक्स मात्र नवा घ्यावा लागला. दोन्ही डिशचेच बॉक्स, दोन्ही एकाच जातीचा सिग्नल ओळखणारे.

मी इथे एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे माझी मागणी अडाणीपणाची वाटू नये. डिशचा बॉक्स केबलला लावा असं मी म्हणत नाही. आकाशातून येणारा सिग्नल वेगळ्या पद्धतीने बांधलेला असतो, वायरमधून येणारा वेगळ्या, हे मला मान्य आहे. माझं म्हणणं डिशचा बॉक्स कोणत्याही डिशला आणि केबलचा बॉक्स कोणत्याही केबलला चालावा, इतकंच आहे. तेवढं झालं असतं तर आमच्या घरात चारऐवजी दोन बॉक्स असते.

आणि हे मी नव्याने मागत नाहीये. आपलंच दप्तर बघावं. 2001 च्या मार्चमध्ये सरकारने डीटीएचच्या, म्हणजे घरोघरच्या डिश सेवेच्या, परवान्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हा देशात एकही खासगी डिश सुरू झालेली नव्हती. त्या परवान्याच्या अटींतच लिहिलंय की बॉक्स खुल्या रचनेचा असेल आणि वेगवेगळ्या डीटीएच कंपन्यांच्या सेवेला तो चालेल. म्हणजे पहिली छत्री लागायच्या आधीच ज्यांनी नियम लिहिला त्यांना ही अडचण दिसली होती. त्या माणसांबद्दल मला खरोखर आदर वाटतो. पुढे काही बॉक्समध्ये मोड्यूल, म्हणजे किल्ली असलेला, काढता-घालता येणारा छोटा भाग, बसवायची खाचही दिली गेली. पण ते मोड्यूल सामान्य ग्राहकाला परवडेल अशा दरात बाजारात आलंच नाही, आणि खाच नुसतीच राहिली.

मग 2020 च्या एप्रिलमध्ये ट्रायने पुन्हा शिफारस केली. त्यात मी वर म्हटलं तेच आहे: डिशचा बॉक्स डिशमध्ये आणि केबलचा केबलमध्ये चालला पाहिजे. यूएसबीसारख्या खाचेत बसणाऱ्या छोट्या मोड्यूलचं तंत्रही त्यात सुचवलं होतं आणि कंपन्यांना सहा महिन्यांची मुदत द्यावी असंही म्हटलं होतं. मी ती शिफारस वाचली तेव्हा आमच्या तिसऱ्या बॉक्सची पावती समोर होती. तारीख 2021 ची.

आता दराबद्दल. कारण बॉक्सचा आणि दराचा संबंध आहे, आणि माझ्या मते पत्रातला हाच भाग आपण सगळ्यात लक्ष देऊन वाचावा.

2019 च्या 1 फेब्रुवारीपासून नवी दरपद्धत आली. केबल असो की डिश, पहिल्या 100 चॅनेलना नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे चॅनेल घरापर्यंत पोचवण्याचं शुल्क, जास्तीत जास्त 130 रुपये, 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. पे चॅनेलचे पैसे वेगळे, आणि प्रत्येक चॅनेलची किंमत छापील. लोकांनी तेव्हा फार आरडाओरडा केला, कारण एकदम यादीच्या यादी भरून द्यायची होती. पण हिशेबात काम केलेल्या मला ती पद्धत आवडली. पहिल्यांदाच कळलं की आपण कशाचे किती देतो. सासूबाईंना शेजारी बसवून त्यांच्या आवडीची चॅनेल एक एक करून टिकमार्क केली होती. पुढच्या वर्षी त्याच 130 मध्ये 200 चॅनेल देण्याचा नियम आला. तेही चांगलं झालं.

नंतर 2024 च्या जुलैमध्ये ही कमाल मर्यादा काढली गेली. आता कंपनीने आपला दर आपण ठरवायचा आणि जाहीर करायचा. भागानुसार, ग्राहकाच्या वर्गानुसार वेगळा दरही लावता येतो. बोलावल्यावर येण्याचे, छत्री हलवण्याचे, जोडणीचे पैसेही कंपनीनेच ठरवायचे. यामागचा विचार मला समजतो. स्पर्धा आहे, एका कंपनीने दर वाढवला तर ग्राहक दुसरीकडे जाईल, म्हणून दर आपोआप आवाक्यात राहतील.

पण ग्राहक दुसरीकडे जाणार कसा? जायचं म्हटलं की आधी नव्या बॉक्सचे हजार-दीड हजार मोजायचे. एखाद्या कंपनीने महिन्याला 30 रुपये वाढवले, तर वर्षाचे होतात 360. तेवढे वाचवायला 1,500 चा बॉक्स कोण घेईल? ती रक्कम वसूल व्हायलाच चार वर्षांच्या वर लागतात. हा हिशेब मला कळतो तसा कंपनीलाही कळतो. त्यामुळे मर्यादा काढून दर मोकळे केलेत, पण ज्याच्या भीतीने दर खाली राहायचे तो ग्राहक बॉक्सला बांधलेलाच राहिला. दोन्हींतलं एक केलंत आणि दुसरं राहून गेलं. क्रम उलटा हवा होता. आधी बॉक्स मोकळा करायला हवा होता, मग दर.

मोबाईलच्या बाबतीत ट्रायनेच हे करून दाखवलंय. 2011 च्या जानेवारीत देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय झाली. हँडसेट तर बहुतेकांच्या आड आला नाही, नवीन सिम घातलं की झालं. त्या सोयीने काय बदललं ते आम्ही पाहिलंय. दुकानात पंखा घेताना तो कोणत्या वीज कंपनीच्या विजेवर चालतो असं कोणी विचारत नाही. मग टीव्हीच्या बॉक्सलाच हा वेगळा न्याय का?

आणि मोकळा बॉक्स शक्य आहे याचा पुरावा तर सरकारच्याच घरात आहे. माझी नणंद कवठेमहांकाळ तालुक्यात असते. तिच्याकडे डीडी फ्री डिश आहे. 2004 साली डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली हीच सेवा आता जीसॅट-15 या उपग्रहावरून येते आणि तिला महिन्याचे पैसे नाहीत. मागच्या पावसात वीज कडाडून तिचा बॉक्स जळाला. भाचा तालुक्याच्या बाजारात गेला, दुकानातून दुसऱ्याच कंपनीचा बॉक्स आणला, जुन्याच वायरला लावला, सर्च मारला आणि सह्याद्री सुरू. कुणाला फोन नाही, कुणाची परवानगी नाही. तिला आमच्याइतकी पे चॅनेल दिसत नाहीत हे खरं, आणि त्यावर कुलूप नसल्यामुळेच हे जमतं हेही खरं. पण बॉक्स हा दुकानात मिळणारा साधा जिन्नस असू शकतो, हे तिथे दिसतं. भारतीय मानक ब्यूरोने 2022 साली टीव्हीतच उपग्रहाचा ट्यूनर बसवण्याचं मानकही काढलंय, म्हणजे अशा टीव्हीला फुकट चॅनेलसाठी बॉक्सच लागायला नको. कुलूप ज्यांना हवं त्यांनी ते छोट्या मोड्यूलमध्ये घालून द्यावं. बॉक्स, टीव्ही, छत्री माझी राहू दे.

कंपन्यांची बाजूही मी ऐकली आहे. त्या म्हणतात, बॉक्स आम्ही कमी किमतीत देतो, त्याचा तोटा आम्ही सोसतो, ग्राहक महिन्यात निघून गेला तर आम्ही काय करायचं? ही अडचण खोटी नाही. पण मग पावतीवर तसं स्पष्ट लिहावं. बॉक्स भाड्याचा असेल तर भाड्याचा, अनामत किती आणि परत कधी मिळणार तेही. सवलतीत दिला असेल तर किती महिने राहिल्यावर तो ग्राहकाचा होईल ते. मुदत संपली की कुलूप काढून द्यावं. माझ्या चारही पावत्यांवर 'सेट टॉप बॉक्स – विक्री' असं आहे. विकलेल्या वस्तूची किल्ली विकणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवायची, हे कुठल्याच व्यवहारात बसत नाही. पतसंस्थेत आम्ही कर्ज फिटल्यावर तारण ठेवलेला दागिना त्याच दिवशी परत करायचो.

चोरीचा मुद्दाही काढला जातो, की खुला बॉक्स केला तर लोक फुकट बघतील. पण किल्ली मोड्यूलमध्ये राहणारच आहे. पैसे भरले नाहीत तर चॅनेल बंद करायला कंपनीला काहीच अडचण नाही.

मुलगा म्हणतो, आई, हे सगळं आता जुनं झालं, सगळं मोबाईलवर आणि इंटरनेटवर येतं. त्याच्या पिढीपुरतं ते बरोबर असेल. पण सासूबाईंना मोबाईलवर कीर्तन लावता येत नाही, डोळ्याला ते अक्षर दिसत नाही. त्यांना एक बटण दाबलं की चित्र दिसायला हवं. आणि पुरात नेट किती चालतं ते आम्हाला माहीत आहे. टॉवरची बॅटरी उतरली की फोनही बंद. जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांवर, वारणाकाठी, दुष्काळी भागातल्या गावांत म्हाताऱ्या माणसांचा सगळा दिवस या बॉक्सवर चालतो. त्यांच्यातले बरेच जण पेन्शनीवर किंवा मुलांनी पाठवलेल्या पैशांवर आहेत. त्यांना दर दोन वर्षांनी बॉक्सचा भुर्दंड का?

म्हणून माझी विनंती अशी. 2001 च्या अटीची आणि 2020 च्या शिफारशीची अंमलबजावणी कोणत्या तारखेपासून होणार, ती तारीख मंत्रालयाने जाहीर करावी. इथून पुढे विकला जाणारा प्रत्येक बॉक्स मोड्यूल बदलता येणारा असावा आणि ते मोड्यूल गावातल्या दुकानात मिळावं. तोवर निदान पावतीवर बॉक्स कुणाचा आहे ते मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात लिहायला लावावं. आणि ट्रायने दर मोकळे ठेवायचेच असतील, तर बॉक्स मोकळा होईपर्यंत नेटवर्क कपॅसिटी फीवर पुन्हा मर्यादा घालण्याचा विचार करावा.

लोकल चॅनेलबद्दलही एक सांगायचं राहिलं. पूरग्रस्त जिल्ह्यांतलं धरणांच्या विसर्गाचं आणि नदीच्या पातळीचं वृत्त पावसाळ्याच्या चार महिन्यांत सह्याद्रीवर ठरलेल्या वेळी, जिल्हावार, पट्टीत सतत फिरत राहिलं, तर ते डिशवाल्यालाही मिळेल आणि फ्री डिशवाल्यालाही. हे आजही करता येण्यासारखं आहे, त्याला कुठलंच मोड्यूल लागत नाही.

बॉक्स मी ट्रंकेत परत ठेवलेत, पावत्यांसकट. आपल्या कुणा अधिकाऱ्याला तपासायचे असतील तर आनंदाने दाखवीन. घरात तूर्त असं ठरलंय, की 20 तारखेला वर्षाचा रिचार्ज मारायचा नाही, एकाच महिन्याचा मारायचा. पुढच्या महिन्यात पुन्हा एकच महिना. केबलवाल्या दादांना मी सांगून ठेवलंय, की तिसरा बॉक्स तुमच्या आताच्या कंपनीला चालतो का ते येऊन बघून जा. ते रविवारी येणार आहेत.

आपली,
गावभाग, सांगली येथील एक ग्राहक